रोहिणीच्या भिंतीतील धग : हृद्‌रोग आणि शोथकारक विकरे

आदल्या दिवशी सायंकाळी ग्रामपंचायतीच्या बैठकीला हजर असलेला, रात्री नेहमीप्रमाणे जेवून झोपलेला एखादा धडधाकट गृहस्थ पहाटे छातीत कळ येऊन दगावतो. “कालपर्यंत तर काहीच नव्हते,” असे उद्‌गार मग गावात ऐकू येतात. कोणी त्याला दैवगती म्हणतो, कोणी पित्ताचा झटका म्हणतो. वस्तुतः त्या गृहस्थाच्या हृदयाच्या रोहिणीत काही वर्षांपासून एक क्रिया चाललेली असते. ती दुखत नाही, ताप आणत नाही, कामात अडथळाही करीत नाही. राखेखाली धग राहावी तशी ती रोहिणीच्या भिंतीत दबून राहते आणि एके दिवशी अचानक प्रकट होते.

या धगीला वैद्यकशास्त्रात शोथ म्हणतात, आणि ती धुमसत ठेवण्याच्या कामी शरीरातीलच काही रासायनिक द्रव्ये भाग घेतात. त्यांना विकरे किंवा एन्झाइम्स असे नाव आहे. हृद्‌रोगाच्या संदर्भात ही विकरे काय करतात, त्यांना आवर घालण्याचे प्रयत्न कितपत सफल झाले आणि त्यातून सामान्य माणसाने कोणता बोध घ्यावा, याचा हा परिचय आहे.

हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणी

हृदय सर्व शरीराला रक्त पुरविते. परंतु त्याच्या पोकळीतून वाहणारे रक्त त्याच्या जाड स्नायूला पोसण्यास पुरेसे पडत नाही. त्यासाठी महारोहिणीच्या मुळाशीच डावी आणि उजवी अशा दोन हृद्‌रोहिणी फुटतात. डावीच्या पुढे दोन मोठ्या शाखा होतात. म्हणूनच व्यवहारात तीन प्रमुख रोहिणींचा उल्लेख केला जातो. त्यांचा आतील व्यास आरंभी साधारणतः ३ ते ४ मिलिमीटर असतो. मिनिटाला ७० ठोके धरले, तर हृदय दिवसाकाठी सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावते. एवढ्या श्रमाचा सारा शिधा या बारीक वाहिन्यांतून पोचावयाचा असतो. त्यांपैकी एकीचा प्रवाह पूर्णपणे थांबला, तर तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू अर्ध्या-पाऊण तासातच मरू लागतो आणि पुढील काही तासांत हानी पसरत जाते. हाच हृदयविकाराचा झटका होय.

रोहिणीच्या भिंतीला तीन थर असतात. सर्वांत आतील बाजूस पेशींचे एकेरी अस्तर असते. हे अस्तर निरोगी असेपर्यंत रक्त गोठत नाही आणि श्वेतपेशी त्यावर चिकटत नाहीत. धूम्रपान, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉलचे आधिक्य यांमुळे अस्तराचा हा गुण कमी होतो. रोगाचा आरंभ येथे होतो.

जुनी समजूत आणि नवे ज्ञान

पाण्याच्या लोखंडी नळात क्षार साचत जावेत आणि एके दिवशी नळ तुंबावा, तसेच रोहिणीतही चरबीचा थर साचत जातो, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. १९१३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिणींत विलेप तयार झाल्याचे दाखविले. कोलेस्टेरॉलचे महत्त्व त्यातून सिद्ध झाले. तथापि त्यापूर्वीच, १८५६ च्या सुमारास, जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी रोहिणीच्या आतील थरात शोथाची क्रिया चालते असे प्रतिपादन केले होते. त्यांचे मत पुष्कळ वर्षे मागे पडले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सूक्ष्म तपासणीची साधने सुधारली, तेव्हा विलेपात चरबीबरोबर श्वेतपेशीही मोठ्या संख्येने आढळू लागल्या. १९९९ मध्ये अमेरिकन संशोधक रसेल रॉस यांनी हा रोग मूलतः शोथाचा विकार आहे अशी मांडणी केली. आज या दोन्ही विचारांचा मेळ बसला आहे. कोलेस्टेरॉल हे सरपण आणि शोथ ही त्यातील आग, असे थोडक्यात म्हणता येईल.

शोथ म्हणजे काय?

पायात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. शोथाची ही चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नोंदविली. शोथ हा मुळात शरीराचा रक्षणोपाय आहे. श्वेतपेशी त्या जागी धाव घेतात, जंतूंचा नाश करतात, मेलेले अवशेष खाऊन टाकतात आणि जखम भरून येण्यास वाट करून देतात. काटा निघाला की हे काम संपते.

रोहिणीच्या भिंतीत मात्र काटा निघतच नाही. रक्तातील कमी घनतेचे कोलेस्टेरॉलवाहक कण, ज्यांना वैद्यकीय अहवालांत एलडीएल म्हटले जाते, अस्तराखाली शिरून अडकून बसतात. तेथे त्यांचे रासायनिक रूप पालटते आणि शरीराला ते परके वाटू लागतात. त्यांना गिळण्यासाठी श्वेतपेशी आत शिरतात. खाऊन खाऊन त्या फुगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली फेसाने भरल्यासारख्या दिसतात. त्यांतील बऱ्याच तेथेच मरतात आणि मऊ, चरबीयुक्त लगदा मागे राहतो. नवे कण येतच राहतात, नव्या पेशी येतच राहतात. रक्षणासाठी आलेली फौज मुलूख सोडून जात नाही आणि शेवटी तिचाच उपद्रव मुलखाला होऊ लागतो, असा हा प्रकार आहे.

विकरांची ओळख

भाकरीचा घास बराच वेळ चावला तर गोडसर लागतो, हा प्रयोग शाळेतील मुलेही करू शकतात. लाळेतील एक विकर पिठातील पिष्टाचे साखरेत रूपांतर करते. कच्च्या पपईचा चीक लावला की मांस लवकर शिजते. तेथेही प्रथिने तोडणारे एक विकर काम करते. विकरे ही बहुतांशी प्रथिने असून ती रासायनिक क्रिया घडवून आणतात, परंतु स्वतः खर्ची पडत नाहीत. म्हणून त्यांची अल्प मात्राही मोठे कार्य करू शकते. योग्य जागी ती उपकारक असतात, भलत्या जागी व भलत्या वेळी तीच विघातक ठरतात.

श्वेतपेशींजवळ अशा विकरांचा मोठा साठा असतो. हृद्‌रोहिणीच्या विकारात त्यांपैकी पुढील विशेष ध्यानात घेण्याजोगी आहेत.

पहिले मायलोपेरॉक्सिडेज. पुवाला जी किंचित हिरवट छटा असते ती मुख्यतः या विकरामुळे. ते हायपोक्लोरस आम्ल तयार करते. गावच्या विहिरीत वा टाकीत टीसीएल पावडर टाकली असता पाण्यातील जंतू मारण्याचे काम जे द्रव्य करते, तेच हे आम्ल होय. शरीरात जंतूंशी लढण्याकरिता ते उपयोगी आहे. पण रोहिणीच्या भिंतीत जंतू नसताना ते सुटले, तर कोलेस्टेरॉलवाहक कणांचे रूप अधिक बिघडते. भिंतीतील कोलेस्टेरॉल परत यकृताकडे नेण्यास मदत करणाऱ्या उपकारक कणांचे कार्यही त्यामुळे मंदावते.

दुसरा गट आधारद्रव्य तोडणाऱ्या मेटॅलोप्रोटिनेज विकरांचा. यांच्या रचनेत जस्ताचा अंश असतो. बेडकाच्या पिलाची शेपटी वाढत्या वयात विरघळून नाहीशी होते, हे विज्ञानाच्या शिक्षकांना ठाऊक आहेच. ती कशी विरघळते याचा शोध घेताना जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांना १९६२ मध्ये या गटातील पहिले विकर सापडले. कोलॅजेन नावाचे चिवट धाग्यांचे प्रथिन तोडणे हे त्याचे काम. जखम भरताना जुने धागे तोडून नवे बसविण्यासाठी ते आवश्यकच असते.

तिसरे कॅस्पेज-१. कोलेस्टेरॉलचे बारीक स्फटिक श्वेतपेशीत गेले की पेशीतील एक यंत्रणा जागी होते आणि हे विकर कार्यरत होते. ते इंटरल्युकिन-१ बीटा या संदेशवाहक द्रव्याला सक्रिय करते. हा संदेश म्हणजे जणू गावातील दवंडी. तो ऐकून आणखी श्वेतपेशी गोळा होतात आणि शोथ वाढतो. त्याचा परिणाम पुढे यकृतापर्यंत पोचून तेथे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन अधिक प्रमाणात तयार होते. रक्ततपासणीत सीआरपी या नावाने जे मोजले जाते ते हेच. ते विकर नव्हे. शोथाची खूण मात्र आहे. तसेच ते केवळ हृद्‌रोगात वाढते असे नाही, साध्या संसर्गातही वाढते.

चौथे सायक्लोऑक्सिजनेज. याचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिला प्रकार रक्तातील बिंबाणूंमध्ये असतो आणि त्यांना एकमेकांना चिकटविणारे द्रव्य निर्माण करण्यास साहाय्य करतो. दुसरा प्रकार सूज व वेदना यांच्याशी निगडित आहे. पण रोहिणीचे रक्षण करणारे एक द्रव्यही त्याच्याच साहाय्याने तयार होते. ही दुसरी बाजू पुढे महत्त्वाची ठरली.

छत फाटते तेव्हा

विलेपातील मऊ लगद्यावर शरीर कोलॅजेनच्या धाग्यांचे आवरण घालते. हे आवरण जाड व मजबूत असेल, तर विलेप अनेक वर्षे स्थिर राहतो. परंतु शोथ धुमसत राहिला, तर मेटॅलोप्रोटिनेज विकरे या आवरणाचे धागे तोडीत राहतात आणि नवे धागे विणणाऱ्या पेशीही कमी होतात. आवरण झिजत जाते. त्याची जाडी ०.०६५ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की ते फाटण्याचा धोका फार वाढतो, असे मृत्यूनंतरच्या तपासण्यांवरून दिसून आले आहे. शेताचा बांध बाहेरून शाबूत दिसावा, पण घुशींनी तो आतून पोखरलेला असावा आणि पहिल्याच मोठ्या पावसात फुटावा, तशी ही अवस्था असते.

आवरण फाटले की आतील लगद्याचा रक्ताशी संपर्क येतो. शरीराला ती जखम वाटते. बिंबाणू जमतात, रक्त गोठते आणि गुठळी काही मिनिटांत वाहिनी बंद करू शकते. काही रुग्णांत आवरण न फाटता केवळ वरचे अस्तर खरवडले जाऊनही गुठळी होते. तथापि प्राणघातक झटक्यांत आवरण फाटणे हेच अधिक आढळणारे कारण आहे.

आरंभी उल्लेखिलेल्या गृहस्थाचे कोडे येथे उलगडते. झटका आणणारा विलेप पुष्कळदा वाहिनीचा निम्माही भाग अडविणारा नसतो. त्यामुळे चालताना धाप लागत नाही, चढण चढताना छातीत दुखत नाही. पूर्वसूचना नव्हती म्हणून रोग नव्हता, असा निष्कर्ष यास्तव काढता येत नाही.

विकरांना आवर घालण्याचे प्रयत्न

विकरे दोषी आहेत, तर ती बंद करावीत, असा विचार सहजच पुढे आला. काही ठिकाणी तो खरा ठरला. ॲस्पिरिन हे औषध कसे कार्य करते याचा उलगडा ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये केला. १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. ॲस्पिरिन बिंबाणूतील सायक्लोऑक्सिजनेज कायमचे निकामी करते. बिंबाणूचे आयुष्य ७ ते १० दिवसांचे असते आणि तो हे विकर नव्याने बनवू शकत नाही. त्यामुळे अल्प मात्राही पुरते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत झटका आल्याची शंका असलेल्या १७,१८७ रुग्णांचा समावेश होता. ॲस्पिरिन दिलेल्या रुग्णांत पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले.

स्टॅटिन गटातील औषधेही एका विकरालाच आवर घालतात. मात्र ते विकर यकृतात कोलेस्टेरॉल बनविण्याच्या कामी येणारे आहे. जपानी संशोधक अकिरा एन्डो यांना १९७३ मध्ये बुरशीपासून या गटातील पहिले द्रव्य मिळाले आणि १९८७ मध्ये पहिले औषध अमेरिकेत वापरात आले. ही औषधे सरपण कमी करतात आणि त्याबरोबर शोथाची खूणही उतरते, असे आढळले.

अन्यत्र मात्र निराशा पदरी आली. विलेपात आढळणाऱ्या फॉस्फोलिपेज या विकराला रोखणारे डॅराप्लाडिब हे औषध दोन मोठ्या चाचण्यांत मिळून २८ हजारांहून अधिक रुग्णांवर तपासले गेले. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यापासून झटके टाळण्यास अपेक्षित लाभ झाला नसल्याचे दिसून आले. त्याच कुळातील दुसऱ्या विकराला रोखणाऱ्या व्हॅरेस्प्लाडिब या औषधाने तर झटक्यांचे प्रमाण वाढले. आगीच्या जागी सापडलेला प्रत्येक माणूस आग लावणाराच असतो असे नाही. कोणी विझविण्यासही आलेला असतो. विकरांच्या बाबतीतही केवळ उपस्थितीवरून दोष ठरविता येत नाही, हा धडा यातून मिळाला.

२०१७ मध्ये कॅनाकिनुमॅब या औषधाची १०,०६१ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. ते इंटरल्युकिन-१ बीटाचा संदेश थोपविते. कोलेस्टेरॉल कमी न करताही मध्यम मात्रेने झटका, पक्षाघात व हृद्‌रोगजन्य मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. शोथ हे केवळ लक्षण नसून कारणही आहे, याचा हा भक्कम पुरावा ठरला. परंतु त्याच रुग्णांत प्राणघातक संसर्गाचे प्रमाण किंचित वाढले. रक्षकाला बांधून ठेवले की चोराला वाट मोकळी होते, हे ओघानेच आले. त्यानंतर वातरक्तावरील जुने औषध कोल्चिसिन अल्प मात्रेत वापरून पाहण्यात आले. २०१९ आणि २०२० मधील चाचण्यांत त्याचा लाभ दिसला, तर २०२४ मधील मोठ्या चाचणीत झटक्यानंतरच्या रुग्णांत तो दिसला नाही. म्हणून कोणत्या रुग्णास ते द्यावे हे तज्ज्ञानेच ठरवावयाचे आहे. आपल्या रानांत व कोकणात आढळणाऱ्या कळलावीच्या कंदात कोल्चिसिन असते. पण त्याचे प्रमाण अनिश्चित असून तो कंद घातक विष आहे. त्याचा घरगुती प्रयोग कोणीही करू नये.

एक घातक गैरसमज

शोथ कमी करणे हितावह असेल, तर सूज उतरविणाऱ्या वेदनाशामक गोळ्या हृदयालाही उपकारक ठरतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती उलट आहे. सायक्लोऑक्सिजनेजच्या दुसऱ्या प्रकाराला रोखणाऱ्या गोळ्यांमुळे रोहिणीचे रक्षण करणारे द्रव्यही घटते. रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक २००४ मध्ये उत्पादकाला याच कारणास्तव जगभरातून मागे घ्यावे लागले. गुडघेदुखीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनीही झटक्याचा धोका वाढतो. हृद्‌रोग असलेल्या व्यक्तीने अशा गोळ्या दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने घेणे टाळावे. निरोगी माणसाने स्वतःच्या मनाने रोज ॲस्पिरिन घेणेही योग्य नाही, कारण त्याने पोटात वा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

रुग्णालयात “एन्झाइम वाढले आहे” असे कानी येते, त्याचाही खुलासा येथे करणे उचित होईल. पूर्वी क्रिएटिन कायनेज हे विकर झटक्याच्या निदानासाठी मोजले जाई. आता मुख्यतः ट्रोपोनिन हे प्रथिन मोजतात. मेलेल्या हृदयस्नायूतून ते रक्तात उतरते. ते हानीचे मोजमाप आहे, हानीचे कारण नव्हे. पहिली तपासणी निर्दोष आली तरी काही तासांनी ती पुन्हा करावी लागते.

गावाने करावयाच्या गोष्टी

शोथाची धग कमी ठेवण्याचे खात्रीचे मार्ग औषधांच्या दुकानापेक्षा घराघरांत अधिक आहेत. विडी-सिगारेटचा धूर रोहिणीच्या अस्तराला थेट इजा करतो. ती सोडल्यास वाढलेला धोका वर्षभरात निम्म्याच्या आसपास उतरतो. चुलीच्या धुरातील सूक्ष्म कणही शोथ वाढवितात. म्हणून स्वयंपाकघर धूरमुक्त करण्याचे महत्त्व डोळ्यांच्या जळजळीपुरते मर्यादित नाही. रोज चालणे, वजन आटोक्यात ठेवणे, मीठ व तळलेले पदार्थ कमी करणे ही पथ्ये सर्वांना साधणारी आहेत. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब व साखर तपासण्याची सोय आयुष्मान आरोग्य मंदिरांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत आहे. ग्रामसभेच्या निमित्ताने अशी तपासणी घडवून आणणे ग्रामपंचायतीला अवघड नाही.

ज्यांना रक्तदाब, मधुमेह वा कोलेस्टेरॉल यांवरील गोळ्या लिहून दिल्या आहेत, त्यांनी बरे वाटते म्हणून त्या बंद करू नयेत. बांधाला भगदाड पडलेले दिसत नाही म्हणून डागडुजी थांबविण्यासारखेच ते होईल.

छातीच्या मध्यभागी दाब, आवळल्यासारखे वाटणे, डाव्या हातात वा जबड्यात पसरणारी कळ, दरदरून घाम, अकारण धाप ही लक्षणे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेही व्यक्तींत आणि स्त्रियांत कळ सौम्य असू शकते. नुसती मळमळ किंवा थकवाही झटक्याचे लक्षण असू शकतो. सोडा-लिंबू पिऊन सकाळपर्यंत वाट पाहणे हे प्राणावर बेतते. हृदयाचा विद्युत् आलेख काढल्याशिवाय ते पित्त आहे असे कोणीही ठरवू नये. अँजिओप्लास्टीसारख्या उपचारांचा समावेश महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे. आपल्या जिल्ह्यातील कोणते संलग्न रुग्णालय सर्वांत जवळ आहे, याची नोंद प्रत्येक ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या फलकावर ठळकपणे असावी.

रोहिणीच्या भिंतीतील विकरांचा अभ्यास प्रयोगशाळांत पुढेही चालू राहील आणि त्यातून नवी औषधे हाती येतील. तोवर एवढे निश्चित आहे की, ही धग एका रात्रीत पेटत नाही. ती कमी ठेवण्यासाठी माणसाला अनेक वर्षे मिळतात. मात्र ती भडकल्यानंतर त्याच्या हाती उरतात ते थोडे तास. त्या तासांत योग्य ठिकाणी पोचलेला माणूस पुन्हा आपल्या शेतात, वर्गात किंवा बैठकीत परतू शकतो.